स्वस्त म्युझिक प्लेअरच्या ॲक्सेसरीज: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

प्रश्न असा आहे: प्लेअर स्वस्तात मिळाला, पण मेमरी कार्ड, बरा इअरफोन, चार्जर, कव्हर, ब्लूटूथ ट्रान्समीटर अशी यादी केली तर बेरीज प्लेअरच्या दुप्पट होते. यातलं खरंच काय लागतं, आणि साध्या प्लेअरसाठी एवढा खर्च करावा का?

बहुतेकांना खरा खर्च दोनच गोष्टींवर करावा लागतो, इअरफोन आणि मेमरी कार्ड. चार्जर आणि केबल बहुधा घरात असतातच. बाकीचं बरंचसं गरजेपेक्षा हौसेत मोडतं. ठरवण्याची कसोटी माझ्या मते एकच आहे: हा प्लेअर उद्या बंद पडला, तर ती वस्तू पुढच्या प्लेअरला, फोनला किंवा लॅपटॉपला चालेल का? चालणार असेल तर थोडे जास्त पैसे घालायला हरकत नाही. फक्त याच मॉडेलला बसणारी असेल तर हात आखडता घ्या.

नाकापेक्षा मोती जड होतो याचं कारणही समजून घ्या. स्वस्त प्लेअरमध्ये गाणं उलगडण्यापासून बॅटरी चार्ज करण्यापर्यंतची बहुतेक कामं एकच चिप करते, म्हणून तो स्वस्त पडतो. इअरफोनचं तसं नाही. त्यातले ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग), केबल, पिन, खोका, वाहतूक यांचा खर्च तुमचा प्लेअर किती किमतीचा आहे ते बघून कमी होत नाही. शिवाय विक्रेत्याला प्लेअरवर थोडं सुटतं आणि ॲक्सेसरीजवर जास्त, त्यामुळे 'सोबत हेही घ्या' हा आग्रह असतोच. स्वस्त मॉडेल बाजारात फार काळ टिकत नाहीत, म्हणून त्यांच्या मापाची कव्हरं थोडीच बनतात आणि प्लेअरच्या मानाने महाग पडतात.

एक ठोकताळा देतो. प्लेअरची किंमत १०० धरली तर इअरफोनवर ५० ते ६०, कार्डवर २५ च्या आसपास, आणि टिप्स, कार्ड रीडर व एखादी केबल मिळून १५. सुरुवातीला यापलीकडे काही घेऊ नका. म्हणजे ॲक्सेसरीजचा खर्च प्लेअरइतका होतो, आणि तो वावगा नाही, कारण यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू प्लेअर गेल्यावरही कामाला येते.

चार्जर आणि केबल

वेगळा चार्जर घेऊ नका. छोट्या प्लेअरची बॅटरी साधारण २०० ते ५०० एमएएचची असते आणि तो चार्ज होताना जेमतेम १०० ते ३०० मिलिअँपिअर घेतो. यूएसबी २.० चं साधं पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देऊ शकतं. कॉम्प्युटरचं पोर्ट किंवा फोनचा जुना चार्जर पुरून उरतो. फास्ट चार्जर लावला म्हणून प्लेअर लवकर भरत नाही, कारण करंट किती घ्यायचा हे प्लेअरमधलं सर्किट ठरवतं.

प्लेअरसाठी मुद्दाम पॉवर बँकही घेऊ नये. अनेक पॉवर बँक, जोडलेलं उपकरण फारच कमी करंट घेत असेल तर 'काही लावलेलंच नाही' असं समजून आपोआप बंद होतात. छोटा प्लेअर अर्धवट चार्ज होऊन राहतो तो यामुळे, आणि लोक प्लेअरलाच दोष देतात.

टाइप-सी सॉकेट असलेल्या स्वस्त प्लेअरची एक तक्रार वरचेवर ऐकू येते: दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने तो चार्जच होत नाही. प्लेअर बिघडलेला नसतो. टाइप-सीच्या नियमाप्रमाणे उपकरणाच्या सॉकेटमध्ये सीसी नावाच्या दोन पिनांना प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रेझिस्टर हवा. तो दिसला तरच टाइप-सी चार्जर ५ व्होल्ट सोडतो. स्वस्त प्लेअरमध्ये हे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी-ए आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशी केबल वापरा, काम होतं. ही केबल प्लेअरच्या खोक्यात बहुधा येतेच, ती फेकू नका.

केबल घ्यावीच लागली तर ती डेटा केबल आहे ना, हे विचारा. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये दोनच तारा असतात, डेटा केबलमध्ये किमान चार. दोनच तारांच्या केबलने प्लेअर चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही. मग लोक कॉम्प्युटरसाठी ड्रायव्हर सॉफ्टवेअर शोधत बसतात, आणि दोष केबलचा असतो. लांबी अर्ध्या ते एक मीटरची पुरे.

मेमरी कार्ड

किती मोठं घ्यायचं ते आधी गणिताने ठरवा. ३२० केबीपीएसचं (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपीथ्री गाणं सेकंदाला ४० किलोबाइट घेतं, म्हणजे मिनिटाला २.४ एमबी. चार मिनिटांचं गाणं ९.६ एमबी. ३२ जीबीच्या कार्डावर अशी तीन हजारांहून जास्त गाणी मावतात. १२८ केबीपीएसवर, जे भाषणं आणि बोलती पुस्तकं यांना भरपूर आहे, हाच आकडा अडीचपट होतो. फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या फाइलप्रकारात सीडीच्या दर्जाचं संगीत ठेवणार असाल तर गाण्यागणिक २५ ते ३० एमबी धरा. म्हणजे ३२ जीबीत हजारएक गाणी. स्वस्त प्लेअरवर बहुतेकांना ३२ जीबी पुरतं, आणि ते ओलांडलं की फॉरमॅटची कटकट मागे लागते.

३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी प्रकारची, ती फॅट३२ मध्ये (कार्डावर फाइली मांडण्याची एक पद्धत) फॉरमॅट होऊन येतात. त्यावरची एसडीएक्ससी, ती एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत येतात. बऱ्याच स्वस्त प्लेअरना एक्सफॅट वाचताच येत नाही. ते 'कार्ड नाही' म्हणतात किंवा कार्ड रिकामं दाखवतात. दोन्ही कार्डांची विजेची जोडणी सारखीच असल्यामुळे ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलं की अनेक प्लेअरमध्ये मुकाट्याने चालतं. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी वर्षानुवर्षं ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच देत नव्हती, तिथे तो पर्याय दिसला नाही तर फुकट मिळणारं वेगळं सॉफ्टवेअर वापरा. तरीही मोठं कार्ड घेण्याआधी प्लेअरच्या माहितीपत्रकातली मर्यादा वाचा. काही प्लेअर एकूण गाण्यांची संख्याही मर्यादित ठेवतात. कार्ड मोठं असूनही ठरावीक गाण्यांनंतरची गाणी दिसतच नाहीत, आणि प्रत्येक वेळी चालू करताना यादी तयार व्हायला बराच वेळ जातो तो वेगळाच.

वेगासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. कार्डावरचे यू३, व्ही३०, ए२ हे शिक्के व्हिडिओ आणि फोनच्या ॲपसाठी आहेत. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याचा वेग. तुमचं गाणं वाजायला ४० किलोबाइट लागतात, म्हणजे त्याच्या अडीचशेव्या भागाइतके. क्लास ४ चं कार्डही वाजवण्यात कुठेच कमी पडणार नाही, फक्त गाणी भरताना जास्त वेळ घेईल.

पैसे द्यायचे ते कार्ड अस्सल असण्यासाठी. नकली कार्डाच्या कंट्रोलरमध्ये (कार्डाचा कारभार बघणारी चिप) खोटी क्षमता लिहिलेली असते. आत ८ जीबीची मेमरी आणि कॉम्प्युटरला दिसते १२८. पहिले ८ जीबी नीट भरतात. पुढे भरलेलं एक तर जुन्यावर लिहिलं जातं, नाहीतर कुठेच जात नाही. फाइलींची नावं मात्र सगळी दिसतात, म्हणून घोटाळा लगेच लक्षात येत नाही. गाणं मध्येच तुटणं, एका गाण्यात दुसऱ्याचा तुकडा ऐकू येणं, शून्य सेकंदांची गाणी, ही त्याची लक्षणं.

तपासणी सोपी आहे आणि फुकट आहे. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफथ्री. दोन्ही प्रोग्राम कार्ड ओळखीच्या डेटाने काठोकाठ भरतात आणि मग तो परत वाचून जुळतो का ते पाहतात. कार्ड रिकामं असताना करा. ३२ जीबीचं कार्ड सेकंदाला १० एमबीने भरायला जवळजवळ ५५ मिनिटं जातात, वाचायला त्याहून कमी. कार्ड परत करण्याची मुदत संपायच्या आत हे उरकून घ्या. एक फरक लक्षात ठेवा: ३२ जीबीच्या अस्सल कार्डावरही विंडोज २९.८ च्या आसपास दाखवतं. हा मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, फसवणूक नाही.

सोबत साधा कार्ड रीडर घ्या. स्वस्त प्लेअर यूएसबीवरून गाणी फार सावकाश घेतात, कार्ड काढून रीडरमध्ये टाकलं तर काम कितीतरी लवकर होतं. आणि प्लेअरचं नाजूक यूएसबी सॉकेट वरचेवरच्या काढघालीतून वाचतं. स्वस्त प्लेअर सॉकेट सैल झाल्याने टाकून द्यावे लागतात, हे पाहता रीडरची किंमत काहीच नाही.

इअरफोन: खर्चाची खरी जागा

प्लेअरसोबत खोक्यात येणारा इअरफोन हा बहुतेक वेळा संपूर्ण साखळीतला सर्वांत कच्चा दुवा असतो. तोच प्लेअर चांगल्या इअरफोनवर ऐकला की 'प्लेअरचा आवाज पत्र्यासारखा आहे' ही तक्रार बहुधा मिटते. म्हणून पैसे इथे घाला. मात्र महागात महाग म्हणजे योग्य असं नव्हे, प्लेअरला पेलणारा इअरफोन हवा.

पाहायचे आकडे दोन: इम्पिडन्स, म्हणजे इअरफोन विजेला करतो तो विरोध (ओहममध्ये), आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक मिलिवॉटला तो किती मोठा आवाज देतो (डेसिबलमध्ये). समजा प्लेअर इअरफोनला जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट देतो. ३२ ओहमच्या इअरफोनला त्यातून ७.८ मिलिवॉट मिळतात. सेन्सिटिव्हिटी मिलिवॉटला १०० डेसिबल असेल तर आवाज १०९ डेसिबलच्या आसपास जातो, म्हणजे गरजेपेक्षा पुष्कळ जास्त. तोच अर्धा व्होल्ट ३०० ओहमच्या स्टुडिओ हेडफोनला दिला तर एक मिलिवॉटही पोचत नाही. सेन्सिटिव्हिटी तेवढीच असली तरी आवाज सुमारे १० डेसिबलने खाली येतो, म्हणजे कानाला जवळपास निम्मा वाटतो. मग लोक छोटा ॲम्प्लिफायर विकत घेतात, आणि तो प्लेअरपेक्षा महाग पडतो. १६ ते ३२ ओहमचा आणि मिलिवॉटला १०० ते १०८ डेसिबल असलेला इअरफोन घ्या, ॲम्प्लिफायर लागतच नाही. ११० च्या वर गेलात तर स्वस्त प्लेअरचा मुळातला 'श्श' असा खरखराट शांत जागी ऐकू यायला लागतो.

१६ की ३२ या निवडीत एक बारकावा आहे. काही स्वस्त प्लेअरमध्ये इअरफोनच्या वाटेत प्रत्येक बाजूला एक कपॅसिटर असतो. तो आणि इअरफोनचा इम्पिडन्स मिळून खालचे सूर किती पोचतील ते ठरतं. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १६ ओहमचा इअरफोन असेल तर १०० हर्ट्झच्या खालचा बास उतरू लागतो. ३२ ओहम लावला की हीच सीमा ५० हर्ट्झवर येते. त्यामुळे एखाद्या प्लेअरवर १६ ओहमचा इअरफोन पातळ वाजत असेल, तर इक्वलायझरशी झुंजण्यापेक्षा ३२ ओहमचा लावून बघा. निवड मोकळी असेल तेव्हा मी ३२ ओहमच सुचवतो. बॅटरीही थोडी जास्त पुरते.

माइकवाल्या इअरफोनच्या पिनवर तीनऐवजी चार पट्ट्या असतात. तो साध्या प्लेअरच्या सॉकेटमध्ये बहुधा चालतो. पण कधी सॉकेटचा ग्राउंडचा (दोन्ही कानांच्या परतीच्या विजेचा) पत्रा माइकच्या पट्टीला टेकतो, आणि गाण्यातला गायकाचा आवाज गायब होऊन वाद्यं पोकळ ऐकू येतात. केबलवरचं बटण दाबून धरल्यावर आवाज सुधारला तर नक्की समजा की भानगड हीच आहे. पिन केसभर बाहेर ओढली की कधीकधी जमतं, पण तो काही इलाज नव्हे. प्लेअरला माइक लागत नाही, तीन पट्ट्यांचा इअरफोन घ्या. बरेचदा तो थोडा स्वस्तही असतो.

आणि टिप्स, म्हणजे इअरफोनच्या तोंडावरच्या रबरी टोप्या. एवढ्या कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. कानाची पोकळी नीट बंद झाली नाही की बास सरळ बाहेर निसटतो, आणि माणूस इअरफोनच वाईट ठरवून दुसरा आणतो. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशा तीन जोड्या असतात, त्या तिन्ही लावून बघा. डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळं माप लागू शकतं. सुट्या टिप्स घेताना इअरफोनच्या नळीची जाडी मोजून घ्या, साधारण ४ ते ६ मिमी असते. सैल टिप कानातच राहून जाते. फोमच्या टिप्स बाहेरचा गोंगाट जास्त अडवतात, पण काही महिन्यांत घाण आणि कडक होतात, म्हणजे तो चालू खर्च आहे. सिलिकॉनच्या धुऊन वर्षानुवर्षं चालतात. नीट बसणाऱ्या टिपचा आणखी मोठा फायदा म्हणजे आवाज कमी ठेवून भागतं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घालून दिलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि गोंगाटात सैल इअरफोन लावून ऐकणारा ती नकळत ओलांडतो.

तुटलेली पिन स्वतः बदलणं

इअरफोन बिघडतो तो बहुधा पिनपाशी. एका कानातला आवाज जातो, केबल वाकवली की येतो. ड्रायव्हर शाबूत असतो. अशा वेळी नवा इअरफोन आणण्यापेक्षा ३.५ मिमीची नवी पिन लावणं फार स्वस्त पडतं, इअरफोन चांगला असेल तर हे शिकून घेण्यासारखं आहे.

आधी खात्री करा. गाणं लावून केबल पिनेपासून इंचाइंचाने वाकवत जा. पिनेजवळच आवाज येत-जात असेल तर पुढचं करा. पिनेपासून ४ सेंटिमीटरवर केबल कापा, कारण तुटलेला भाग त्याच्या आत असतो. आता सगळ्यात आधी नव्या पिनेचं टोपण आणि हीट-श्रिंकचा (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) तुकडा केबलमध्ये ओवून ठेवा. हे विसरलं की डाग देऊन (सोल्डर करून) झाल्यावर सगळं पुन्हा सोडवावं लागतं.

बाहेरचं आवरण १५ मिमी सोला. आत लाल, हिरवी किंवा निळी, आणि तांब्याच्या रंगाची एक किंवा दोन तारा दिसतील, सोबत दोऱ्यांचा पुंजका. लाल उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्या कानाची, तांब्याच्या रंगाची ग्राउंड. ग्राउंडच्या दोन असतील तर एकत्र पिळा. हे रंग म्हणजे इनॅमलचा पातळ लेप आहे आणि तो वीज अडवतो. नवशिक्याचं काम इथेच फसतं: तार लावली, डाग छान दिसतो, पण आवाज येत नाही. ब्लेडने खरवडू नका, केसासारख्या तारा तुटतात. सोल्डरिंग आयर्न ३७० ते ३८० अंश सेल्सिअसवर ठेवा, टोकावर सोल्डरचा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात दोन-तीन सेकंद बुडवून ठेवा. थोडा धूर निघेल, लेप जळेल आणि टोक चंदेरी होईल. खिडकी उघडी ठेवा, तो धूर नाकात जाऊ देऊ नका.

पिनेचं टोक डावा कान, मधली पट्टी उजवा, मागचा मोठा भाग ग्राउंड. डाग देताना पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवा. उष्णतेने आतलं प्लास्टिक मऊ झालं तरी पट्ट्या सरळ राहतात, आणि पिन हातातून निसटत नाही. दोऱ्यांचा पुंजका गाठ मारून पिनेच्या चिमट्याखाली दाबा, म्हणजे ओढ तारांवर न येता दोऱ्यावर येते. माइकची तार असेल तर तिचं टोक वेगळं झाकून सोडून द्या.

टोपण बसवायच्या आधी मल्टीमीटर २०० ओहमवर ठेवून मोजा. टोक ते ग्राउंड इअरफोनच्या इम्पिडन्सच्या आसपास, मधली पट्टी ते ग्राउंड तेवढंच, आणि टोक ते मधली पट्टी साधारण दुप्पट दिसायला हवं. शून्याजवळ आकडा आला तर दोन डाग एकमेकांना टेकलेत. टोक आणि मधल्या पट्टीत दुप्पट दिसतंय, पण ग्राउंडशी काहीच नाही, तर ग्राउंडचा डाग सुटलाय. असा इअरफोन वाजतो, पण मघाशी सांगितलं तसा पोकळ वाजतो.

नवी पिन घेताना काटकोनी घ्या. खिशातल्या प्लेअरला सरळ पिन लावली की प्रत्येक बसण्याउठण्याचा दाब सॉकेटवर येतो, आणि सॉकेट बदलणं पिनेपेक्षा कितीतरी जिकिरीचं काम आहे.

ब्लूटूथ, गाडी, स्पीकर

स्वस्त प्लेअरला ब्लूटूथ ट्रान्समीटर जोडणं मी सुचवत नाही. बरा ट्रान्समीटर प्लेअरच्या किमतीच्या जवळ जातो. त्याची वेगळी बॅटरी, वेगळं चार्जिंग. पडदा नसल्यामुळे जोडणी दिव्यांच्या उघडझापेवरून ओळखावी लागते. ब्लूटूथ हवंच असेल तर ते आत असलेला प्लेअर घेणं एकूण खर्चात परवडतं. ट्रान्समीटर आधीच घेतला असेल तर प्लेअरचा आवाज ७५ ते ८० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण आवाजाला स्वस्त प्लेअरचं आउटपुट फाटतं आणि ते फाटकं ट्रान्समीटर इमानाने पुढे पाठवतो.

गाडीत किंवा घरच्या ॲम्प्लिफायरला दोन्हीकडे ३.५ मिमी पिन असलेली साधी ऑक्स केबल पुरते. सोन्याचा मुलामा असलेल्या महाग केबलने एक-दीड मीटरवर काही फरक पडत नाही. गाडीत प्लेअर चार्जिंगला लावून त्याच वेळी ऑक्सने वाजवला की इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते. हा ग्राउंड लूप आहे, म्हणजे चार्जिंग आणि ऑक्स या दोन वाटांनी ग्राउंड जोडला गेल्याने येणारा आवाज. त्यासाठी ही जोडणी तोडणारा आयसोलेटर मिळतो, पण आधी चार्जिंगची केबल काढून बघा. शिट्टी थांबली तर घरून चार्ज करून निघा, आयसोलेटरचे पैसे वाचले. एफएम ट्रान्समीटर (गाणं गाडीच्या रेडिओवर पाठवणारा) फक्त ऑक्स नसलेल्या गाडीसाठी, आणि गर्दीच्या शहरात रेडिओवर रिकामी फ्रिक्वेन्सी शोधत राहायची तयारी असेल तर.

वीज न लागणारे छोटे स्पीकर इअरफोनच्या सॉकेटला लावून काही उपयोग नाही, पाच-दहा मिलिवॉटमध्ये खोली भरत नाही. दोघांनी ऐकायला स्प्लिटर चालतो, मात्र दोन्ही इअरफोन एकाच मॉडेलचे असावेत, नाहीतर एकाला जोरात आणि दुसऱ्याला हळू ऐकू येतं. दोन ३२ ओहमचे मिळून १६ ओहम होतात, म्हणजे बॅटरी लवकर उतरते.

कव्हर, स्क्रीनगार्ड आणि आर्मबँड यांवर फार बोलण्यासारखं नाही. छोटा प्लेअर हलका असतो, पडला तरी सहसा वाचतो. त्याला मारतात ते घाम आणि सॉकेटवरची ओढ. धावताना वापरत असाल तर मोजापट्टीने माप घेऊन, कुठल्याही मॉडेलची सैलसर पाउच घ्या.

बॅटरी बदलणं कधी परवडतं

एक एएए सेलवर चालणारा प्लेअर असेल तर दोन रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड सेल आणि प्रत्येक सेल वेगळा तपासणारा चार्जर घ्या. हे सेल १.२ व्होल्टचे, अल्कलाइन १.५ चे, त्यामुळे प्लेअरचा निर्देशक सुरुवातीपासून अर्धाच भरलेला दाखवू शकतो. त्याकडे लक्ष देऊ नका.

आतल्या लिथियम बॅटरीचं गणित वेगळं. ३०० ते ५०० वेळा चार्ज झाल्यावर तिची क्षमता साधारण ८० टक्क्यांवर येते, पुढे उतरणीला लागते. प्लेअर उघडला की चपट्या पाकिटावर ४०२०३० असा आकडा दिसतो. तो माप सांगतो: जाडी ४.० मिमी, रुंदी २० मिमी, लांबी ३० मिमी. नवी बॅटरी याच मापाची किंवा किंचित पातळ घ्या, जाड कधीच नको, कारण ती काळाने फुगते आणि पडद्याला रेटते. तारा आणि पिवळ्या टेपखालची संरक्षण पट्टी लावलेलीच बॅटरी घ्या. नुसत्या पत्र्याच्या टोकांवर डाग देणं धोक्याचं आहे. क्षमता मूळच्यापेक्षा फार कमी नको, प्लेअर चार्जिंगचा करंट जुन्या बॅटरीच्या हिशोबाने देतो आणि छोट्या बॅटरीला तो जास्त होतो.

जुनीच्या तारा एका वेळी एकच कापा आणि लगेच टोक टेपने झाका. दोन्ही एकत्र कापल्या तर कात्रीच शॉर्ट करते. तारा तीन असतील तर तिसरी तापमान मोजणारी असते, मग तीन तारांचीच बॅटरी लागेल. कनेक्टर सारखा दिसला म्हणून खोचू नका, लाल-काळ्याची बाजू वेगवेगळे कारखाने उलटी ठेवतात. फुगलेली बॅटरी दाबू, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या.

स्वतः डाग देता येत असेल तर हे काम स्वस्त आहे. मजुरी देऊन करायचं असेल आणि बॅटरी व मजुरी मिळून नव्या प्लेअरच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर सोडून द्या. कार्ड काढा, इअरफोन काढा आणि नव्या प्लेअरला लावा.

अपवाद फक्त आवडीच्या जुन्या प्लेअरचा. सॅनडिस्क क्लिप प्लससारख्या प्लेअरवर रॉकबॉक्स हे मोफत फर्मवेअर (प्लेअर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) चालतं, म्हणून लोक तो अजून जपतात, आणि त्याचं सॉकेट प्रमाणित असल्याने केबलचा प्रश्न येत नाही. पण असा प्लेअर सेकंडहँड घेताना सॉकेट आधी बघा. सॅनडिस्कच्याच फ्यूझला आणि २००३ नंतरच्या कितीतरी आयपॉडना स्वतःची रुंद केबल लागते. २००९ च्या तिसऱ्या पिढीच्या आयपॉड शफलवर तर गाणी पुढे-मागे करायची बटणंच नाहीत, ती त्याच्या इअरफोनच्या केबलवर आहेत. तो इअरफोन गेला की साध्या इअरफोनवर आवाजही कमीजास्त करता येत नाही. असा प्लेअर केबल आणि रिमोटवाल्या इअरफोनसकट मिळत असेल तरच घ्या, आणि पैसे देण्याआधी त्या रिमोटची तिन्ही बटणं दाबून बघा.